माय पळून राह्यली

८ नोव्हेंबर २०२४

मयुरी,

वर काय लिहावं ते समजलं नाई. चिरंजीव लिहू तं तुही तेरवी मीच केली हाये, सगळ्या गावाले जेवू घालून. मेलेल्या पोरीले लेकरू कसं होते, ते तू मले सांग.

काल हरभऱ्याचं बी आणायले भद्रावतीले गेली होती. बस लागायची होती म्हणून स्टँडवर उभी होती. समोरच्या भिंतीवर हा एवढा मोठा कागद चिकटवला होता. त्यावर लेकराचा फोटो. हाताले सुई टोचून पट्टी बांधलेली, अन् तरी पोट्टा हासून राह्यला. वरतं मोठ्या अक्षरात लिहून होतं, सिकलसेलच्या लेकरांसाठी धावा. मी ते पहिले वाचलंच नाई. मी कान पाह्यले. तुह्या बापाचे कान. कोणी ओढून ठेवल्यासारखे बाहेर आलेले. मंग त्याच्या खांद्यावरचा हात पाह्यला. बाईचं तोंड फोटोत नव्हतं, नुसता हात होता. मनगटावर पोळल्याचा डाग. तो मी ओळखनार नाई तं कोण ओळखन? माह्याच तव्याचा हाये तो.

बाजूच्या बाईनं विचारलं, "वळखीचं हाये का जी लेकरू?"

मी म्हटलं, "नाई."

तेवढ्यात बस गेली.

सांगतलं होतं का नाई मी? गाव म्हणते, शकुबाईनं जात पाह्यली. मी जात नाई पाह्यली, कार्ड पाह्यलं. दवाखान्याच्या बाईनं शाळेत सगळ्यायचं रक्त तपासलं होतं. तुहं कार्ड पिवळं निंगालं, अजयचं बी पिवळं. पिवळ्यावाल्याले स्वतःले काही होत नाई. पण दोन पिवळे एका घरात आले का लेकरू लाल कार्ड घेऊन येऊ शकते, हातपाय ठणकतात, रक्त कमी पडते, बाटल्या लावा लागतात. हे त्या बाईनं मलेच नाई, तुले बी बसवून सांगतलं होतं. तू काय म्हटलं? "माय, मले अजयसंगं राहायचं हाये, कार्डासंगं नाई." अन् पळाली. आता राहा कार्डासंगं.

माहा नंबर तू बंद करून ठेवला. मी दारात यावं म्हणशील तं येनार नाई. दारात उभं राहून कोणाचं नाई ऐकून घेनारी बाई मी नाई, तुले मालूम हाये. म्हणून त्या कागदावर चंद्रपूरच्या ज्या संस्थेचा पत्ता होता, तिथीच हे पत्र टाकून राह्यली. ते तुले देतील.

पोट्ट्याचं नाव काय ठेवलं, तेवढं कळव. बाकी मले तुह्याशी काही घेणंदेणं नाई.

अन् त्या दौडीत मी बी पळनार हाये. कोणी बी या म्हणून लिहून हाये. एकवीस किलोमीटरवाली घेतली. पाचवाली फोटो काढायले येणाऱ्या बायायसाठी हाये.

शकुबाई

१ डिसेंबर

मयुरी,

उत्तर नाई आलं. मेल्यावर माणूस आळशी होत असंल.

धान कापून, बांधून, चुरून झालं. आता रोज सकाळी पळायले जाते. मुखरूची रंजीता पोलीस भरतीची तयारी करून राह्यली, तिच्यासंगं गावातल्या पाच-सहा पोट्ट्या असतात, त्यायच्या मागं लागली. एकटीनं पळता येत नाई. कालव्याच्या पारीवर वाघाचे पंजे उमटलेले दिसतात. रंजीता म्हणे, "मावशी, तुमी रोज या. तुमचं तोंड सुरू असलं का वाघ इकडं फिरकत नाई."

पहिल्या दिवशी पुलापर्यंत बी नाई गेली. पोटात कळ आली, बाभळीखाली बसून ओकली. दुसऱ्या दिवशी ढेकळाले ठेच लागून गुडघ्यावर आपटली. उठवायले एक बी पोट्टी थांबली नाई. बरं केलं. मी बी थांबली नसती.

रंजीता मले शिकवते. "मावशी, टाचेवर नोको आपटू, बैल चालल्यासारखा आवाज येते. मावशी, नाकातून श्वास घे. मावशी, बोलू नोको. बोललं का दम जाते." शेवटलं सगळ्यात कठीण हाये. अंगठ्याचं नख काळं पडलं, मंग निंगून गेलं. मी ते चुलीत टाकलं अन् दुसऱ्या दिवशी पळाली.

साडीत पाय अडकते म्हणून तुही निळी सलवार काढली पेटीतून. तुहे कपडे जाळले असं मी गावाले सांगतलं होतं. नाई जाळले. चांगला कपडा कोण जाळते? मांडीवर दोनदा उसवली, शिवून घेतली. शाळेचे तुहे बूट बी होते, पण ते चावतात. तुहा पाय बारीकच राह्यला.

गावाले तं खेळच सापडला. लेक पळाली, आता माय पळून राह्यली. तुहा काका बापूराव पानठेल्यावरून सगळ्यायसमोर ओरडते, "काय वो वहिनी, कोणासंगं?" अन् सारे पोट्टे खिदळतात. काय करू, आपल्याजवळ शब्दच एक हाये. धावली तरी पळाली, अन् पोट्ट्याचा हात धरून गेली तरी पळालीच.

म्या म्हटलं, "बापूराव, तुह्यासंगं तं नाई पळत. तू बायकोले पाहून पळते."

ते संस्थेचे लोक पैसे घेत नाई. पळणाऱ्यानं रक्त देणारे माणसं आणायचे, अशी त्यायची अट हाये. म्हणून मी घरोघरी फिरून राह्यली. सुकरी म्हणे, "रक्त देलं का माणूस सुकते वं." म्हटलं, "तू पहिलेच खारोडीसारखी हायेस, तुह्यातलं आता काय सुकनार? चल." रडत हो म्हणाली. बापूरावले म्हटलं, "तुह्या भावाचे कान घेऊन आलं हाये ते लेकरू. देतं का बोंब मारू?" तो बी हो म्हणाला. रंजीताच्या पोट्ट्यायनं तं मी विचारायच्या आधीच नावं लिहून देले. रंजीता माह्याकडं पाहून काही सांगनार होती, मंग बुटाची नाडी बांधत बसली. लोकायले माहा भेव हाये म्हण, नाई तं काही म्हण, काम होते.

नाव विचारलं होतं मी.

शकुबाई

६ जानेवारी २०२५

मयुरी,

तू फोन आपटला. आता जे तोंडी राह्यलं ते कागदावर ऐक.

हेमराजले मी नीट सांगतलं होतं. त्याची काळी-पिवळी रोज चंद्रपूरले जाते. म्हटलं, तिचं घर पाहून काढ अन् सांग, पत्राचं उत्तर दे, माय तुह्या लेकरासाठी पळून राह्यली. त्यानं घर पाहून काढलं नाई, त्याले ते मालूमच होतं, हे मंग समजलं. अन् त्या गधड्यानं गाडी बंद बी न करता खिडकीतून आवाज देला, "मयुरी वं, तुही माय पळाली!" अन् निंगून गेला, सवाऱ्या बसून होत्या म्हणे.

मी चक्कीवर होती. फोन वाजला, नवा नंबर. मी हॅलो म्हटलं तं तुहा आवाज.

"कोणासंगं?"

चार वर्षांनी पोरगी बोलते. माय म्हणत नाई, जिती हायेस का म्हणत नाई. कोणासंगं!

मले नीट सांगता आलं असतं. पण चक्कीवर चार बाया कान देऊन बसल्या होत्या, अन् तुह्या त्या बोलण्याले खुशीचं जे टोक होतं ना, ते मले टोचलं. म्हटलं, "तुह्या सासऱ्यासंगं."

तू हासली. फस्सकन. लहानपणी नाकातून चहा यायचा तशी. मी तोंडावर पिठाचा हात ठेवला, नाई तं मी बी हासली असती, अन् चक्कीवरच्या बायायनं ते गावभर नेलं असतं. तसं बी नेलंच त्यायनं. हासणं नाई नेलं, सासरा नेला.

तू म्हटलं, "म्हणजे तुमी बी पळाल्या. मंग तुमची बी तेरवी करा लागन. माह्या तेरवीले भाजी काय होती?"

"वांग्याची. लोकायनं मागून मागून खाल्ली."

"अन् तुमी? तुमी जेवल्या का?"

"दोनदा वाढून घेतलं."

नाई जेवली मी त्या दिवशी. पण ते फोनवर कोण सांगते?

तू वाईट बोलून राह्यली होती, पण बोलून राह्यली होती. मागून पोट्ट्याचं रडणं आलं. बारीक, घासल्यासारखं, रडून रडून थकल्यावर येते तसं. मी विचारलं, "काऊन रडते तो?" तू म्हटलं, "पाय दुखतात त्याचे. परवापासून." अन् तुहा आवाज एकदम माह्या घरातला झाला. माय, काय करू, असा. मले ऐकू आला तो. मी बहिरी नाई.

अन् मी म्हटलं, "मी सांगतलं होतं."

बस. तू फोन बंद केला, अन् आता तो बी नंबर लागत नाई.

मी खोटं बोलली का? सांगतलं होतं का नव्हतं? खरं बोलल्यावर लोकायले फोन काऊन ठेवा लागते, हे मले कोणी समजावून सांगावं.

पायाले गरम कपड्यानं शेक दे. पाणी पाजत जा त्याले, मागायची वाट पाहू नोको.

शकुबाई

२२ जानेवारी

मयुरी,

तुहा सासरा येऊन गेला. शकुबाई दादाजीसंगं पळाली, असं पार दुसऱ्या गावापर्यंत पोचलं. बिचाऱ्याले कोणी बाजारात विचारलं, नवीन संसार कसा हाये म्हणून. काठी आपटत माह्या आंगणात आला.

"बाई, तुमी माहं नाव काऊन खराब करून राह्यल्या? पळवायचीच असती तं मी जरा बरी पाहून पळवली असती."

म्हटलं, "दादाजी, तुमचे ते गुडघे. तुमच्यासंगं पळायचं तं मलेच तुमाले खांद्यावर घ्या लागन."

तो हासला. बसला. चार वर्षं आमी एकमेकायले पाहून थुंकत होतो, अन् तो माह्या ओट्यावर बसला. मी चहा देला. त्यानं बशीत ओतला अन् फुंकर मारता मारता बोलून गेला, "पोट्टा बी असाच मागते, बशीतूनच."

म्हटलं, "कोणता पोट्टा?"

त्यानं काठी जवळ ओढली. पण मी सोडते का? दर महिन्याले जाते तो तुह्याकडं. बाटली लावायच्या दिवशी पोट्टा त्याच्या मांडीवर बसते. अन् दिवाळीले तुमी इथी होते. इथी! माह्या वाडीच्या मागं, त्याच्या घरी, दार लावून. मी भिंतीवर कागद पाह्यला त्याच्या पाच-सहा दिवस आधी.

मले आठवलं मंग. भाऊबीजेले मी वाडीत पालक खुडून राह्यली होती. कुंपणाच्या पलीकडं लेकरू गाणं म्हणत होतं. मी ओरडली, "कोणाचं कार्टं बोंबलते रे तिकडं?" अन् आवाज बंद झाला. एकदम. तोंडावर हात ठेवल्यावर होते तसा. तुहाच हात होता ना?

दादाजीले म्हटलं, नाव सांगा पोट्ट्याचं. म्हणे, "नाई सांगत बाई. पोरीनं वचन घेतलं हाये. सांगतलं तं मले बी दार बंद." मी त्याच्या हातातली बशी काढून घेतली. चहा अर्धाच झाला होता. गेला तसाच.

दुसऱ्या दिवशी पळता पळता रंजीताले विचारलं, "तुले मालूम होतं?"

"सगळ्यायले मालूम होतं, मावशी."

"मंग मले कोणी काऊन सांगतलं नाई?"

ती माह्याच वेगानं पळत होती, माह्याकडं न पाहता म्हणाली, "तुमाले कोण काही सांगन?"

त्या दिवशी मी पुलाच्या पुढं, पार जंगलखात्याच्या नाक्यापर्यंत गेली. पोट्ट्या मागं राह्यल्या. मले वाघ दिसला नाई, रस्ता दिसला नाई, काही दिसलं नाई.

रक्त द्यायचं शिबिर झालं. माह्या नावावर आले तेवढे माणसं दुसऱ्या कोणाच्या नावावर आले नाई. ते तुह्या पोट्ट्यासाठी आले होते, माह्या भेवानं नाई, हे मले आता समजते. मी बी देलं. सुईवाल्या पोरीले म्हटलं, बाटलीवर आजी लिही. ती म्हणे, "नाव लिहीत नाई जी, नंबर असते." विचारलं, मंग हे कोणाले जाईन? "ज्याले जुळन त्याले." म्हणजे माहं रक्त त्याच्या अंगात गेलं तरी त्याले मालूम पडनार नाई, मले बी नाई. त्याच्यात गेली तरी चोरासारखीच गेली मी.

आता ऐक. हे मी कधी कोणाले म्हटलं नाई, पुन्हा म्हणनार बी नाई. दौड संपते तिथी सिकलवाल्या लेकरायच्या हातून मेडल देनार हायेत म्हणे. पोट्ट्याले आण. मी तोंड उघडनार नाई. मी सांगतलं होतं, हे म्हणनार नाई, तुहं घर, तुहा नवरा, काही काढनार नाई. मुकी राहीन. त्याले मले एकदा आजी म्हणू दे. म्हणून झालं का मी बसमध्ये बसून येईन घरी, अन् तुले पुन्हा त्रास नाई.

माय

१० फेब्रुवारी

मयुरी,

काल पळाली मी.

आदल्या दिवशी हेमराजच्या गाडीत रंजीतासंगं आली, धर्मशाळेत झोपली. सकाळी मैदानात इतके लोक, इतके रंगीत बूट. कोणी पाय ताणून राह्यलं, कोणी फोटो काढून राह्यलं. एका बाईनं माही सलवार पाहून विचारलं, "आई, तुम्ही पाणी द्यायला आहात का?" मी तिले उत्तर नाई देलं. पाहा, मी सकाळपासूनच मुकी होती.

अर्ध्यापर्यंत बरं चाललं. मंग पाय लाकडाचे झाले. डांबर तापलं. रंजीता कवाची पुढं गेली होती. पाणी देणारे पोट्टे टेबल उचलून निंगून गेले. सायकलवरचा एक जण माह्या बाजूनं चालून राह्यला अन् सारखा म्हणे, "मावशी, गाडीत बसा, झालं ना आता." म्हटलं, बसायचं असतं तं घरीच बसली असती. मंग तो बी गेला. मी चालली, पळाली, चालली. सडकेवरचे लोक आपापल्या कामाले लागले होते. कोणाले वाटलं नसंल मी दौडीतली हावो म्हणून. वाटलं असंल, बाईची बस सुटली.

मैदानात आली तं मंडप सोडून राह्यले होते. माईक बंद. खुर्च्या एकावर एक. बाकीच्या लेकरायले घेऊन त्यायच्या माया गेल्या होत्या. अन् त्या मोकळ्या मैदानात, बांबूच्या बाजूले, तू उभी होती, अन् तुह्या पुढं तो.

मले तुमी दोघंच दिसले. तुह्या हातात एकच मेडल राह्यलं होतं.

मी जवळ आली. वाकता येत नव्हतं म्हणून त्याच्या पुढं गुडघ्यावर बसली. कान पाह्यले. फोटोत होते त्याच्याहून मोठे हायेत. ओठ सुकून पांढरे झाले होते, डोळे पिवळे. कपाळावर घाम. तू माह्याकडं पाहून राह्यली होती, अन् मयुरी, तुहं तोंड तवा बंद दारासारखं नव्हतं. मी पाह्यलं ते. अन् मी तोंड उघडलं.

"एवढ्या उन्हात काऊन उभं केलं याले? पाणी पाजायची अक्कल नाई तुले?"

तो कवापासून उन्हात उभा हाये, अन् कोणाची वाट पाहून, हे माह्या डोक्शात शब्द निंगून गेल्यावर आलं.

पोट्ट्यानं मेडल माह्या गळ्यात टाकलं. मंग मान वर करून तुह्याकडं पाह्यलं, आता म्हणू का, अशा डोळ्यानं. तू मान हालवली. नाई म्हणून. तो थोडा गडबडला, बाकीच्या लोकायले जे म्हटलं होतं ते त्याले आठवलं, अन् तो म्हणाला, "थँक्यू आंटी."

आवाज गोड हाये त्याचा.

त्याच्या छातीवर बिल्ला लावला होता, त्यावर नाव लिहून होतं. मी डोळे लावून पाह्यलं. सारं इंग्रजीत होतं. मी चौथी शिकलेली. बोट ठेवलं त्या अक्षरावर अन् तुले विचारलं, "काय लिहून हाये हे?"

तू म्हटलं, "बाई, पुढं व्हा. मागचे लोक थांबले हायेत."

मी मान वळवून पाह्यलं. मैदान खाली होतं. फाटकापर्यंत कुत्रं बी नव्हतं. तुले बी दिसून राह्यलं होतं ते.

मी उठली अन् पुढं झाली.